कुटबण जेटी, रात्रपाळी

बस रुझार. त्या पिंपावर नको, ओलं आहे.
चारपर्यंत एकही ट्रॉलर यायचा नाही,
तोवर तुझी ओळख करून देतो
जरा लांबच्या माणसांशी.

तू लग्नांत बेस वाजवतोस म्हणे, म्हणून तुला.
बाकीच्यांना सांगून झालं. ते म्हणाले,
शांबा, आठ तास बर्फात काढतोस
आणि गाणीही बर्फातलीच?

ह्या चार सीडी कायतानच्या,
आमच्या वाड्यावरचा तारवटी.
दुसरे तारवटी व्हिस्की आणतात, सेंट आणतात.
ह्याचं जहाज बिघडून आइसलंडला नऊ दिवस अडकलं,
ह्यानं पगार मोजून ही आणली
आणि बायकोचा मार खाता खाता वाचला.

पहिली ही. बँडचं नाव थ्रिद्यी वेतुर,
म्हणजे तिसरा हिवाळा. आधीच्या दोघांचं काय झालं
कुठंच छापलेलं नाही.
गिटारवाला तार छेडत नाही, वाट बघतो.
चार मिनिटं काहीच होत नाही,
मग होतं ते छतासकट.
ड्रमवरचा स्नोरी दिवसा शाळेची बस चालवतो.

आडनाव विचारू नकोस.
तिथं बहुतेकांना ते नसतंच.
बापाचं नाव, पुढं सोन नाहीतर दोत्तिर, संपलं.
म्हणजे मी शांबा गोपासोन, तू रुझार मिंगेलसोन.
ना गाव, ना जात, ना पाद्र्यानं चिकटवलेलं काही.
हसतोस काय, एकदा मोठ्यानं म्हणून बघ.

दुसरी ब्यार्तेय. ही पॉप, नाचायची.
आवाज गोड, पण साखरेसारखा नाही,
काजूच्या बोंडासारखा:
आधी गोड, मग घसा धरतो.

तिसरी अडकते. सातव्या गाण्यात एक हुंकार आहे,
तो संपतच नाही.
पुढं काय आहे मला माहीत नाही, अठरा वर्षं झाली.

तीन-पावणेचार लाख माणसं बोलतात ती भाषा.
आपल्या सासष्टीत मावतील, जरा दाटीनं.
तरी कुणी म्हणालं नाही, ह्यात गाऊन कोण ऐकणार.
बघ, इथं कुटबणला एकजण ऐकतोय,
एक अक्षर न कळता.

आणि ही चौथी. होल्मफ्रिदुर केटिल्सदोत्तिर.
आई गेली त्या वर्षी रोज लावायचो.
एक पियानो, मागं दोन बायका,
आणि ती असं काही म्हणते की
बर्फाची लादी हातात तशीच राहते.
मला वाटायचं, तिचं कुणीतरी गेलंय.
मेलेल्याशिवाय असं कोण गातं?

मग कायताननं पुढच्या सफरीत
बंदरावरच्या एका हमालाला ऐकवलं.
तो म्हणाला, गेलं कुणी नाही.
मासे खारवणाऱ्या बायका आहेत,
मुकादमानं दोन पिंपांची मजुरी कापली,
ती मागतायत.

दोन दिवस मी कुणाशी बोललो नाही.
फसवल्यासारखं वाटलं.
तिसऱ्या रात्री, इथंच, पुन्हा लावली
आणि आधीपेक्षा जास्त रडलो.
आईनंही पंचवीस वर्षं
ह्याच जेटीवर बांगडे निवडले.

थांब.
वीज गेली. कंप्रेसर बंद पडला.
ह्या शेडमध्ये एवढं शांत कधी नसतं,
लाद्या तडकताना ऐकू येतायत बघ.
प्लेअर सेलवर चालतो. लावतो.
बोलू नकोस.

हं. तुझी बोटं हलली,
मी पाहिलं, ह्या पेटीवर,
बेस यायच्या आधीच हलली.

आला का भोंगा? चारला अजून वेळ होता.
फेलिसियानोचा ट्रॉलर, त्याला नेहमीच घाई.
चल, आकडा घे, बारा लाद्या काढ.
आणि ही घेऊन जा घरी. शर्टाच्या आत ठेव.
घाम लागला तर पुसता येईल.
बर्फ लागू देऊ नकोस.